चेक जमा न झाल्याबाबत

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज.
साधनाचा भाऊ नवनाथ राजगुरुनगरहून आला. ओवाळणीच्या ताटात तिच्या नावाचा तीन लाखांचा चेक ठेवला. वडिलांची जमीन विकली, त्यातला तिचा वाटा. बहुतेक भाऊ हक्कसोडपत्रावर सही घेतात आणि साडी देतात. नवनाथने सही घेतली नाही, साडीही दिली नाही. साधना रडली. चौदा वर्षे ती गॅलरीत मशीन ठेवून ब्लाउज शिवते आहे. आता सांगवीत मंजुळाबाईंचा गाळा भाड्याने घ्यायचा आहे. डिपॉझिट तीन लाख, मुदत दहा नोव्हेंबर.
नवनाथ म्हणाला, "दाजी, त्यापरीस फोनवरनं टाकू का? आत्ता जातील." मी त्याला समजावले की कागदाला जी साक्ष असते, ती मोबाइलला नसते. चेक ताब्यात घेतला. घरात बी.कॉम. (प्रथम वर्ग) माणूस असताना साधनाने व्यवहारात पडण्याचे कारण नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ९.४०
पुरावा हाताशी असावा म्हणून निगडीत सुमनताईंच्या दुकानात चेकची कलर झेरॉक्स काढली. प्रत अप्रतिम आली. ती लॅमिनेट करून घेण्याचे ठरवले. पुरावा भिजता कामा नये. ताईंनी विचारले, "साहेब, यातला लॅमिनेशनला कुठला टाकू?" मी दोन्ही कागद बोटांनी चाचपून क्षणात सांगितले. तीस वर्षे अकाउंट्समध्ये काढली की बोटांनाच कळते.
१०.१५ वाजता चेक स्लिपसह बँकेच्या पेटीत टाकला. साधनाला फोन करून सांगितले, गाळा आपलाच समज.

२७ ऑक्टोबर, सोमवार.
आमच्या जॉइंट खात्यात रक्कम नाही. मात्र अनोळखी नंबरवरून तीन फोन. "सर, बँकेतून बोलतेय, तुमच्या चेकबद्दल..." वाक्य पुरे होऊ दिले नाही. खरी बँक कधीही फोन करत नाही, हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. नंबर ब्लॉक केला. घरात एक तरी जागरूक माणूस आहे, हे जेवताना सर्वांच्या निदर्शनास आणून दिले.

२९ ऑक्टोबर, बुधवार.
चाकणला कंपनीत हाफ डे टाकून बँकेत गेलो. संकल्प: आवाज चढवायचा नाही.
काउंटरवर सायली नावाची अधिकारी. वय माझ्या नेहापेक्षा दोन-तीन वर्षांनी जास्त. म्हणते, पेटीत तुमचा चेक नव्हताच. "काका, आम्ही तीनदा फोन केला होता." धडधडीत असत्य. मला बँकेचा एकही फोन आलेला नाही. "स्लिपला जे जोडलं होतं ना, ते..." असे काही सांगू लागली. सबबी ऐकायला मी हाफ डे टाकलेला नव्हता. आवाज चढला. 'काका' या संबोधनाचीही स्वतंत्र नोंद ठेवली आहे.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार.
लेखी तक्रार दिली. चार पाने, परिशिष्टे अ ते ड.
सायंकाळी नवनाथचा फोन. "दाजी, चेक वटला का? माझ्या खात्यातनं तर रुपया हालला न्हाई." प्रकरण प्रक्रियेत आहे, असे सांगितले. "मंग त्यो ऱ्हाऊ द्या. दुसरा लिहून देऊ का?" साफ नकार दिला. दुसरा चेक घेतला तर बँकेविरुद्धचा आपला दावाच कमकुवत होतो. नवनाथ मनाने चांगला आहे. कॉमर्स नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार.
बँकेचे एका ओळीचे उत्तर: कृपया प्रत्यक्ष भेटावे. पळवाट. लेखी प्रश्नाला लेखीच उत्तर हवे, असे स्मरणपत्र पाठवले. नेहा म्हणाली, "बाबा, एकदा भेटा ना, भेटायला काय जातं?" तत्त्व जाते.

६ नोव्हेंबर, गुरुवार.
मंजुळाबाई घरी आल्या. चहा घेतला, बिस्किट घेतले नाही. लक्षण बरे नव्हते. साधनाला म्हणाल्या, "बाई, त्यो मोमोवाला रोज दारात हाय. पैसं पिशवीत घिऊन फिरतोय. आमी शब्द दिलाय म्हणून दहापातुर थांबते. मंग माझा इलाज न्हाई." मी त्यांना परिशिष्ट क वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "व्हय, पर पैसं कवा?"
त्या गेल्यावर साधना शिवायला बसली. गॅलरीत मशीन नेहमीपेक्षा फार मोठ्याने चालले होते. तेल घालावे लागेल.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.
निर्णायक दिवस. नको म्हणत असताना साधनाही सोबत आली. मॅनेजरच्या टेबलावर लॅमिनेट केलेली प्रत ठेवली व म्हणालो, चेक अस्तित्वात होता याचा हा पुरावा.
सायलीने ती ट्यूबलाइटसमोर धरली. मग मॅनेजरने धरली. मग साधनाने.
"काका, हाच ओरिजिनल आहे. आत वॉटरमार्क बघा. पेटीत तुम्ही झेरॉक्स टाकली होती. तेच सांगायला फोन करत होते."
लॅमिनेशन निघत नाही. मी मॅनेजरांना सांगितले की इतकी हुबेहूब झेरॉक्स निघणे हा सुरक्षेचा गंभीर प्रश्न आहे आणि बँकेने त्याची दखल घ्यावी. त्यांनी पाणी मागवले. माझ्यासाठी.
साधना हसू लागली. बराच वेळ हसत होती. मग डोळे पुसून तिथूनच भावाला फोन लावला. "नवनाथ, चेक राहू दे. फोनवरनंच टाक." कोणत्या खात्यात, असे त्याने विचारले असावे. तिने माझ्याकडे पाहिले, मग सायलीकडे. "मॅडम, माझं एकटीचं खातं उघडायला किती वेळ लागतो?"

१० नोव्हेंबर, सोमवार.
मंजुळाबाईंनी गाळ्याची किल्ली साधनाच्या हातात दिली. नवनाथचे पैसे सकाळीच आले होते म्हणे. मला मेसेज आला नाही. खात्याला नंबर तिचा आहे.
खात्याचा फॉर्म मात्र शुक्रवारी मीच भरला. "तुमचं अक्षर चांगलं आहे," साधना म्हणाली. काळी शाई, सुटी अक्षरे, एकही रकाना रिकामा नाही. नॉमिनीच्या रकान्यात माझे नाव लिहिण्यासाठी पेन टेकवले, तेवढ्यात ती म्हणाली, "नेहा लिहा."
लिहिले.
संपूर्ण फॉर्मवर एकही खाडाखोड नाही. त्या रकान्याच्या सुरुवातीला एक ठिपका आहे. तो खाडाखोडीत मोडत नाही.