रजिस्टरवाली बाई

३ डिसेंबर २०२५
संगीता, लिही. सून शिकलेली, सासू अंगठेवाली. तरी हुकूम माझाच चालतो, हेही लिही.
आज सोनूचा फोन. माझी नात. जर्मनीत कंपनीत लागून दीड वर्ष झालं, आता नववा महिना. मी म्हटलं, पहिलं बाळंतपण माहेरी करतात, तांड्यावर ये. हसली. म्हणे, "दादी, इथं मले आधी सहा हप्ते सुटी, मंग आठ हप्ते, पगार चालू. दवाखाना विम्यात. बाळाच्या नावानं सरकार दर महिन्याले पैसे देते. अन् पहिले दहा दिवस रोज एक बाई घरी येते, बाळाले पाहाले, वजन लिहून घ्याले."
बाकी सगळं गोड लागलं. शेवटचं घशात अडकलं. बाळ पाहायला बाई? काहून?

५ डिसेंबर
परक्या देशातून आलेल्या पोरीला कोणी इतकं कशाला देईल? शेजारचा बाबूसिंग मोबाईल पाहून सांगून गेला — "काकी, तिकडं लेकरू रडलं तरी सरकार उचलून नेते." बाबूसिंगचं मी मनावर घेत नाही; मागच्या साली त्यानं आमच्या बैलाला डायबेटिस काढला होता. पण हे मनातून जाईना.
संगीता म्हणते, "याडी, ते सुईणीसारखी बाई राहते." सुईण दारात रजिस्टर घेऊन येते होय?

८ डिसेंबर
नसबंदीच्या साली आर्णीच्या रस्त्यानं जीप यायची. हातात रजिस्टर दिसलं की बापे तुरीच्या वावरात, लेकरं कापसाच्या ढिगात. मागून खरंच लसवाली आली तरी आम्ही तेच करायचो. कोण कशासाठी नाव लिहितं, आम्हाला काय कळे?

११ डिसेंबर
मुलगी झाली. दोघी बऱ्या. नातजावई ओम फोनवर रडला. बापे रडले की मला हसू येतं. आज नाही आलं.

१३ डिसेंबर
सोनू बाळ घेऊन घरी आली. उद्यापासून ती बाई येणार. मी सोनूला आण घातली — दार उघडू नको. "दादी, ते मले पाच महिन्यांपासून ओळखते." म्हटलं, ओळखीचीच माणसं लिहून नेतात. ओम दिवसभर कामावर, पोरगी एकटी, अंग ठणकतंय. शेवटी कंटाळून म्हणाली, "बरं. नाही उघडत. तू झोप."

१४ डिसेंबर
बाईनं दोनदा बेल वाजवली. सोनू आत गप्प बसली. बाई चिठ्ठी टाकून गेली. मला दोन भाकरी जास्त गेल्या.

१५ डिसेंबर
आज व्हिडिओवर बाळ पाहिलं. सोनू म्हणते, "पाय ना दादी, किती गरीब आहे. रडतच नाही. नुसती झोपून राह्यते." मी म्हटलं, उजेडात धर. खिडकीशी नेली. पिवळी. डोळ्याचं पांढरं बी पिवळं. दूध? "कालपासून ओढतच नाही वं."
म्हटलं, दार उघड. "कोणीच नाही दादी आता." मंग तूच बोलाव! त्या बाईले बोलाव, आत्ता, माझी आण मोडली!
फोन बंद झाला.

१६ डिसेंबर
फोन नाही. ओमचाही नाही. संगीता म्हणते लिहिलं की मन हलकं होईल. काय लिहिणार? मी पाठवली बाई परत. मी.

१८ डिसेंबर
सोनूचा फोन आला. बाई त्याच दिवशी अर्ध्या तासात आली, बाळ पाहिलं, तशीच दवाखान्यात घेऊन गेली. दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं. आता दूध पिते, रडते, शेजाऱ्यांना झोपू देत नाही. एक रुपया लागला नाही. ओम आज सरकारच्या पैशाच्या कागदावर बाळाचं नाव भरून राह्यला.
सोनूनं विचारलं, "दादी, तुले फोनवरून कसं कळलं?" म्हटलं, म्हातारीला कळतं.

लिही संगीता, थांबू नको. तुझ्या नवऱ्याच्या आधी मला एक मुलगी होती. लसवाली आली तेव्हा पाच दिवसांची, अशीच पिवळी, अशीच गरीब. कापसात लपवली तरी रडली नाही. मला किती बरं वाटलं होतं.
तिचं नाव लाली. कोणत्याच कागदावर नाही. इथं लिही.