पुढच्या अंगणात कोण आहे?

प्रिय रूता,

ऑकलंडहून तुझ्या थोरल्या बहिणीची माया. माझा खोकला गेला. तुझे गुडघे कसे आहेत?

माझा सिआओसी घर घेतोय. इथे विकायची घरं शनिवारी अर्धा तास उघडी ठेवतात आणि कुणीही आत शिरून कपाटंसुद्धा उघडून बघतं. मला ते फार आवडतं. जाहिरातीचे कागद मी आधीच वाचून ठेवते.

काल एका घरापुढचं अंगण अगदी रिकामं दिसलं, म्हणून मी दलालाला विचारलं, "तुमची माणसं कुठे पुरलीत?"

त्याचा चेहरा उतरला. "मावशी, या घरात कुणीही मेलेलं नाही."

"मग घर कुणाचं, ते कळतं कसं?"

सून हसू दाबत म्हणाली, "आई, आपल्या गावासारख्या इथे दारात कबरी नसतात. असं विचारत राहिलात तर आपल्याला घर कुणी विकणार नाही."

"विचारू दे गं, भाव उतरेल," सिआओसी म्हणाला.

घर चांगलं आहे. शाळा जवळ आहे. माझ्या खोलीत सकाळी ऊन येतं. सगळे माझ्या होकारासाठी थांबले होते. सिआओसीचा बाप इओसेफो गेल्यापासून इकडे येईपर्यंत चार वर्षं मी रोज संध्याकाळी दारातल्या त्याच्या कबरीवर बसून त्याला दिवसभराचं सांगत आले. या अंगणात खुर्ची टाकून बसेन, पण सांगू कुणाला?

तरी हो म्हटलं. नातवंडांना आपली भाषा कोण शिकवणार?

त्याच्या शेजारची जागा माझ्यासाठी मोकळी ठेव. तू तिथे अळू लावशील, मला माहीत आहे. खुशाल लाव. झाड मात्र लावू नकोस.

तुझीच,
फुआतिनो