मधली खिडकी

प्रिय ठकू,

पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितेय. अक्षराला हसायचं नाही.

परवा तू तुझा अभ्यास सांगितलास. ठिपके आणि रेघा. दोन घोळके, मध्ये दोघांना धरून एकच ठिपका. त्याला रेघा थोड्याच, पण त्याचं मोल मोजायचं तर तो पुसायचा आणि किती वाटा बंद पडतात ते बघायचं. मी म्हटलं, एवढ्यासाठी कॉलेज लागतं होय? आमच्या धुलाईखान्यात ये. धुणाऱ्या बायका कोरड्या बाजूला पाय ठेवत नाहीत, इस्त्रीवाल्या ओल्यात येत नाहीत. मध्ये खिडकी, खिडकीत मी. चादरी माझ्या हातून जातात, टोमणेही. धुणाऱ्या म्हणतात, चादरी करपतायत, त्यांच्या इस्त्रीला ताप आलाय का. मी तिकडे सांगते, जरा दमानं घ्या म्हणतायत.

तेव्हापासून डोळा लागला की वाफच दिसते. वाफेत चादरी तरंगतात आणि मी खिडकीत साबणासारखी विरत जाते. आधी बोटं, मग खांदे. दुखत नाही काही. चादरी खिडकीपाशी येऊन नुसत्या थांबतात. एका बाजूला तू उभी, दुसऱ्या बाजूला तुझे बाबा. दोघंही माझीच वाट बघताय.

तू शिकायला निघून गेलीस तेव्हापासून ते तुझ्याशी बोलत नाहीत, आणि हट्टात तू त्यांच्यावरच गेलीयेस. ते मला विचारतात, तुझ्या मुलीनं स्वेटर घेतला का. मी तुला विचारते. तू फणकारतेस, त्यांना काय करायचंय, आणि मग हळूच, गुडघा कसा आहे त्यांचा. मी त्यांना फक्त गुडघ्याचं सांगते.

सोमवारी माझं ऑपरेशन आहे, छातीतली झडप बदलायचीय. डॉक्टर म्हणतो होईल ठीक, म्हणजे होईल. पण मला पुसून माझं मोल मोजायची वेळ तुमच्यावर नको. रविवारी बाबा घरीच असतात. फोन लाव. पहिल्यांदा उचलणार नाहीत, तुझा नंबर बघून चष्मा शोधत बसतील. पुन्हा लाव. काही सुचलं नाही तर गुडघ्याचं विचार. मी सांगितलं म्हणून केला, असं मात्र म्हणू नकोस. तुमची रेघ एकदा जुळली, की मी निवांत गुंगीचं औषध घेईन.

तुझीच, खिडकीतली
आई