वहिनीने तुझी नाव पाण्यात लोटली

प्रिय दादा,

तू गेल्यापासून मनातल्या मनात तुझ्याशी खूप बोलले, पण कागद आजच घेतला. काल वहिनी तुझी नाव घेऊन धरणात गेली. बाबांबरोबर! हे तुला कोणीतरी सांगायला हवं, म्हणून लिहिते आहे.

मी अकोल्याहून काही दिवसांसाठी माहेरी आले आहे. यंदा धरण भरलंय. सगळ्यांचे डोंगे सकाळीच मासे धरायला पाण्यात जातात. आपल्या घरातून मात्र तू गेल्यापासून कोणी पाण्यात उतरलंच नव्हतं.

तुला आठवतं, ती नाव तू आणि बाबांनी कशी बांधली? परतवाड्याहून सागाच्या फळ्या आणल्या होत्या. फटींत कापूस ठासून वरून डांबर लावताना तू मला जवळही येऊ देत नव्हतास. पुढे गावातल्या भोयांनी पत्र्याचे डोंगे घेतले, पण तू काही ऐकलं नाहीस. लाट आपटली की पत्रा वाजतो आणि मासा पळतो, असं तुझं म्हणणं. कोणी चपलेसकट नावेत पाय ठेवला तर दिवसभर तुझं तोंड फुगलेलं असायचं.

आणि वहिनीला त्याच नावेतून घरी आणलंस! पातूरकडची पोर, शेतमजुराच्या घरातली. एवढं पाणी तिनं कधी पाहिलंच नव्हतं. पलीकडच्या काठापासून घरापर्यंत तिनं डोळे उघडले नाहीत. तुझा शेला मुठीत धरून बसली होती. बाया हसत होत्या, आणि तू वल्हं मारता मारता तिला हळूहळू काहीतरी सांगत होतास. काय सांगत होतास रे? ती अजून सांगत नाही. त्यानंतर ती नावेत कधी चढली नाही. काठावर बसून रोहू-कतला निवडायची आणि टोपली घेऊन बाजारात जायची.

वैशाखात वारा सुटला, तेव्हा बाकीचे सगळे काठाला आले होते. तू आणि बाबा जाळं काढायला परत गेलात. काहून गेलास? जाळं पुन्हा विणता आलं असतं, दादा. या एका गोष्टीचा राग माझ्या मनातून जात नाही.

नाव उलटली. बाबा उलट्या नावेला धरून वाहत काठाला लागले. तू दुसऱ्या दिवशी सापडलास, पाय जाळ्यात गुंतलेला. आईनं तुझ्या अंगावरून हात फिरवला आणि बाबांकडे न बघता म्हणाली, “दोघं गेले होते. तुमी एकटेच कसे आले?”

त्यानंतर ती त्यांच्याशी बोललेली नाही. ताट वाढते, पाणी ठेवते आणि आत जाते. बाबांनीही काही सांगितलं नाही. लोकांनी विचारलं, मी विचारलं.

मग मी आल्यावर एकदा त्यांनी कुऱ्हाड काढली. नाव फोडून चुलीत घालायची म्हणाले. वहिनी भाकरी टाकत होती. तशीच पिठाच्या हातानं उठली आणि नावेला पाठ लावून उभी राहिली. ही नाव मोडायची नाही, मला चालवायला शिकवा, एवढंच म्हणाली. बाबा कुऱ्हाड टाकून निघून गेले. तिनं मात्र पिच्छा सोडला नाही. रोज विचारायची. मी तिला एकदा म्हटलं, तुला तर पाण्याची भीती वाटते ना? तर म्हणते, “वाटतेच ना. पन घरात बसून जास्त वाटते.”

काल सकाळी बाबा आपणहून उठले आणि त्यांनी वल्हं खांद्यावर घेतलं.

मी काठावर उभी होते. नाव आधी गोल गोल फिरली, मग सरळ झाली. बऱ्याच आत गेल्यावर दोघं थांबलेले दिसले. जाळं टाकत नव्हते, नुसते बसले होते.

परत आल्यावर वहिनीनं मला सगळं सांगितलं. तिथे बाबा पहिल्यांदा बोलले. नाव उलटल्यावर त्यांच्या डोक्याला मार लागला होता, हात सुटत होते. तूच त्यांना खालून ढकलून नावेवर चढवलंस. तेव्हा जाळं तुझ्या पायाला लागलेलं होतं. ते तुझ्याकडे यायला निघाले, तर तू ओरडलास, “बाबा, नाव सोडू नोका.” त्यांनी सोडली नाही. आपण सोडायला पाहिजे होती, असं म्हणत ते लहान मुलासारखे रडले.

वहिनीनं वल्हं खाली ठेवलं आणि त्यांना म्हणाली, “त्याईनं सांगतलं तेच केलं तुमी. मी असती तं मीबी तेच सांगतलं असतं.”

दादा, तुझ्या या बायकोला मी काय म्हणू? तिचंच तर सगळं गेलं होतं.

काल मासे फारसे मिळाले नाहीत. बाबा मात्र पोटभर जेवले. आई नेहमीसारखी ताट ठेवून आत गेली. तिला यातलं काही माहीत नाही. बाबा स्वतः सांगणार नाहीत, आणि वहिनी म्हणते, सुनेनं सासूला हे सांगू नये, लेकीनं सांगावं.

म्हणून तुला शब्द देते. आज आई भांडी घासायला बसली की मी तिच्याजवळ जाऊन बसेन. तू शेवटी काय बोललास ते तिला सांगेन. ती रडेल, मला उठून जा म्हणेल. मी उठणार नाही.

तुझी,
शालू