शलाका, मी आणि खैरानकडचे राघू

४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी अम्गराच्या पलीकडे वाळवंटात रिकामी काडतुसं वेचली. पोतं भरलं. झुडपात शिकाऱ्यांनी लपवलेलं आवाजाचं यंत्र सापडलं. त्यातली खोटी साद ऐकून बिचारे पक्षी खाली उतरतात आणि छर्रे खातात. सापडलं मला. आमच्या मोहिमेच्या ग्रुपवर फोटो कुणाचा? शलाकाचा, यंत्र हातात धरून! वर बू सालेमचं ‘शाबाश’. हा इथलाच अरब म्हातारा तरुणपणी स्वतः शिकारी, आता शिकार थांबवायची मोहीम चालवतो. मला इतक्या वर्षांत शाबाश म्हटल्याचं आठवत नाही. माझे धपाटे तेवढे मागून खातो.

शलाकाचा नवरा मीना अल-अहमदीच्या तेलशुद्धी कारखान्यात इंजिनिअर. आखातात येऊन वर्ष नाही झालं हिला. पूर्ण नाव लिहायचाही कंटाळा, यापुढे नुसतं श.

११ एप्रिल, शुक्रवार

ज्या घरांतली पोरं बंदुका घेऊन फिरतात, त्यांच्या बापांच्या दिवाणियात बोलायचं आमंत्रण आलंय. पुरुषांची बैठक ती, बाईला कोण बोलावतंय तिथे! बू सालेमने शब्द टाकला म्हणून. किती वर्षं वाट बघत होते मी याची. आणि आज सगळ्यांसमोर त्याच्या मोडक्या हिंदीत, “शलाका बोलेगी. उसका अरबी अच्छा.”

टाळ्या वाजवल्या मी. काय करणार?

क्लास लावलाय म्हणे श.ने. माझं अरबी बकाल्यात वाणसामान घेताना सुरू होतं आणि इकामाच्या, म्हणजे राहायच्या परवान्याच्या खिडकीशी संपतं, मान्य. पण ऊन कुणी खाल्लं? पोती कुणी उचलली?

मुकुंद नवरा माझा, पण म्हणतो, “अगं, पक्षी वाचले म्हणजे झालं ना?” ह्याच्या बँकेत काल आलेल्या पोराला मॅनेजर करा, मग बघू काय म्हणतो. जळते मी, हो जळते. इथे तरी खोटं कशाला लिहू.

१७ एप्रिल, गुरुवार

खैरानकडच्या एका शेतात वेडे राघू उतरलेत, मोठा थवा. दुपारी श.ने इन्स्टावर फोटो टाकला. सुंदर आहे, मेलीचा हात चांगला आहे. पण मागे शेताची निळी टाकी स्पष्ट दिसतेय. आमचा पहिला नियम, पक्षी पुढे निघून गेल्याशिवाय फोटो बाहेर टाकायचा नाही. शिकारी टपूनच असतात, टाकी बघून जागा ओळखतील. उद्या शुक्रवारची सुट्टी, येतीलच.

नव्या लोकांना नियम सांगायचं काम माझं. हिला सांगितला होता का? सांगितला असेल.

एक फोन केला की काढेल ती. फोन हातात घेतलाही. मग म्हटलं, होऊ दे जरा शोभा. बू सालेमलाही कळू दे कुणाला डोक्यावर घेतलंय. मग कुकर लावला, कपडे आत आणले, मग विसरले. नाही, विसरले नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

उजाडताच गाड्या आल्या होत्या, शेताचा राखणदार म्हणाला. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलेलं. बांधावर हिरवे-तांबूस पंख, काडतुसं. तारेवर एकही राघू नाही. मला वाटलं होतं फार तर एखादी गाडी येईल, आम्ही हुसकावून लावू.

श. ओढणीत एक जिवंत राघू घेऊन बसली होती. थोड्या वेळाने तोही गेला. “मेधाताई, मला कुणीच कसं सांगितलं नाही गं?”

“मी बघितलाच नाही फोटो,” म्हटलं मी. काय पटकन आलं तोंडात.

बू सालेम वाकून पंख गोळा करत राहिला.

१९ एप्रिल, शनिवार

बू सालेमचा फोन. श.ने भाषणातून माघार घेतली. “मेधा, अब तू बोल. तू सबसे पुरानी है.”

मिळालं. मुकुंदने जिलबी आणली. खाल्ली. गोड लागली, त्याचाच राग आला.

२२ एप्रिल, मंगळवार

श. आपणहून घरी आली. डोळे सुजलेले. तिचं अख्खं अरबी भाषण मला देवनागरीत लिहून आणलंय, कुठे घसा ताणायचा तेही खुणा करून. मी असते तर चिठोरंही दिलं नसतं.

वाचायला लागले. एका वाक्याशी जीभ वळेना. श.ने अर्थ सांगितला. “म्हणजे बघ ताई, बंदूक चालवणाऱ्यावर आमचा राग कमी आहे. ज्याला आधी माहीत होतं आणि जो गप्प बसला, त्याच्यावर जास्त. हे त्या बापांसाठी. इथे अडखळू नकोस, सगळं भाषण याच्यावर उभं आहे.”

पुन्हा म्हटलं. “मोठ्याने, ताई. मागच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे.” मोठ्याने म्हटलं. “आता जमलं!” म्हणाली. त्या दिवसानंतर पहिल्यांदा हसली.

चहा घेऊन निघाली. लिफ्टपर्यंत गेले सोडायला. “शलाका, ऐक,” म्हटलं. ती थांबली, लिफ्टचं दार हाताने अडवून धरलं तिने. “काय गं?”

“काही नाही. जपून जा.”

उद्या सात वाजता दिवाणिया. ती पहिल्या रांगेत बसणार आहे, मी अडखळले तर ते वाक्य पुरवायला.