चौलच्या टेबलावरचे रणगाडे आणि धीराचा नियम

मी, हरेश्वर रामा घरत, वय ६३, न्हावा शेवा बंदरातला निवृत्त क्रेनचालक, राहणार चौल, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. घाबरलेला मात्र आहे, आणि ते लपवून लिहिणे खोटे ठरेल. परवा, मंगळवारी, माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे.

१. राहते घर, मागची सुपारीची वाडी आणि बँकेतील ठेवी पत्नी कमळ हिच्या. तिच्यानंतर कन्या हेमाली हिच्या. विहिरीचा पंप चालू होईना तर त्याला डाव्या बाजूने लाथ मारावी. मेकॅनिकला बोलावू नये, तो लाथच मारतो.

२. पडवीतल्या मोठ्या टेबलावर माझे एकशे बारा रणगाडे आहेत, प्रत्येक काडेपेटीएवढा, सर्व मी रंगवलेले. कुंपणे सुंभाची, झोपड्या सुपारीच्या सालींच्या. कमळ याला पोरखेळ म्हणते. दोघांनी समोरासमोर बसून पट्टीने मोजत, फासे टाकत ही लढाई खेळायची असते. कोण किती इंच सरकणार, कोणाचा गोळा कोणाचे चिलखत फोडणार, हे नियमांचे पुस्तक ठरवते. अशी पुस्तके पुष्कळ आहेत आणि त्यांतले कोणते चांगले यावरून माणसे भांडतात. मीही भांडलो.

३. खेळायच्या पत्त्यांवर चालणारे नियमांचे लाल पुस्तक हेमालीला. त्यात पुढची पाळी कोणाची हे पत्ता उचलल्यावरच कळते. मला ते कधी सोसले नाही. तीस वर्षे क्रेनवर काढलेल्या माणसाला पुढे काय हलणार हे आधी ठाऊक लागते. मी स्वतः लिहिलेले चार पानांचे नियम जाळून टाकावेत. त्यांत लढाई तासाभरात संपते आणि कोणीही घाबरत नाही. मला ते फार आवडायचे.

४. जाड निळे पुस्तक सर्वांत उत्तम, हे आज प्रथमच कबूल करतो. रेवदंड्याचे माझे मित्र अहमद मुकादम यांनी ते आणले. त्यात धीराचा नियम आहे. तुकडीतले निम्मे रणगाडे गेले की उरलेल्यांसाठी फासा टाकायचा. दान वाईट पडले तर माणसे धडधाकट रणगाडा सोडून पळतात. यंत्र ठीक असताना माणूस उतरेल कशाला, म्हणून मी त्या पानावर खळीने कागद चिकटवला. अहमद म्हणाला, "इंजिन चालू, झाकण उघडं, आन आत कोनी न्हाय. नव्वद साली कुवेतला मी डोल्यांनी पायलाय, हरेश्वर." मी म्हणालो, "तू कुवेतचं दुकान टाकून पलालास, म्हनून सगल्यांना पलपुटं नको करू." त्याने आपली पट्टी खिशात घातली आणि गेला. याला चार वर्षे झाली.

५. गेल्या महिन्यात याच शस्त्रक्रियेसाठी मी पनवेलच्या इस्पितळात होतो. छातीवरचे केस काढले, हिरवा झगा घातला. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला आत नेले आणि त्याच्या चपला तिथेच राहिल्या. मी कमळला चहा आणायला पाठवले आणि चालत बाहेर पडलो. झग्यावर तिची शाल गुंडाळून अलिबागच्या एसटीत बसलो. कंडक्टरने विचारले, "काका, सोडला काय दवाखान्यातून?" मी व्हय म्हणालो. कोणी मला हाकलले नव्हते, डॉक्टर चांगले होते, हातपाय चालत होते. तरी मी पळालो. घरी येऊन ओल्या फडक्याने निळ्या पुस्तकातला तो कागद सोडवला. नियम बरोबर आहे. या टेबलावर यापुढे कोणीही खेळो, निळ्या पुस्तकाने खेळावे, एकही पान न वगळता.

६. टेबल, सर्व रणगाडे आणि निळे पुस्तक अहमद मुकादम यांना द्यावे. माफी मागायला तोंड नाही, म्हणून रणगाडे. (रद्द. ह. रा. घ.)

७. मला मरायची भीती वाटते. परवा पुन्हा पळून जाईन याची त्याहून जास्त वाटते. या कलमाने कोणाला काही मिळत नाही. वकिलांना नको असल्यास गाळावे.

सहीपूर्वीची दुरुस्ती: साक्षीसाठी शेजारी सुजित वर्तक आला, तो अहमदला घेऊन. कमळने मला न विचारता निरोप धाडला होता. अहमदने चष्मा लावून सगळे वाचले, पाचवे कलम दोनदा. सुजित म्हणाला, "ज्याला काय मिलनार हाय, त्यानं साक्षीदार होऊ नये. उद्या वांधा होतो."

"मग माझं कलम खोड," अहमद म्हणाला. "मी साक्षीदार होतो."

मी विचारले, रणगाडे कोणाला देऊ?

"तुझं तू सांभाल. मंगलवारी सकाली गाडी घेऊन येतो. कुवेतला तवा मी पन घाबरलेलो, हरेश्वर. घाबरत घाबरतच आत जा. मी दारात हाय."

सबब कलम ६ माझ्या राजीखुशीने रद्द. टेबल तूर्त माझेच.

ठिकाण: चौल
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२४, रविवार

लिहून ठेवणार: हरेश्वर रामा घरत

साक्षीदार:
१. सुजित वर्तक, चौल. माझ्यासमक्ष सही केली.
२. अहमद मुकादम, रेवदंडा. माझ्यासमक्ष सही केली. हरेश्वरने पेन दोनदा खाली ठेवले. हात धरायला गेलो, तर नको म्हणाला. सही त्याचीच आहे.