ग्राफीन बंद कसं करायचं

गुरुवार, संध्याकाळ. येलहंका.

आज अण्णांवर उगीच चिडले. रिटायर झालेल्या बापावर असं खेकसतात का? ग्राफीनमधून, कार्बनच्या त्या एका अणूइतक्या पातळ पापुद्र्यातून, इलेक्ट्रॉन किती सुसाट धावतात, केवढे वेगवान कॉम्प्युटर होतील, हे मी रंगवून सांगत होते. कानावरची पेन्सिल चाचपत ते म्हणाले, "सरी, ठीक आहे, पण ते थांबतं कसं?" पीण्या इंडस्ट्रियल एरियातल्या वर्कशॉपात नवं मशीन आलं की अण्णा आधी ते बंद करून बघायचे.

"तुम्हाला नाही कळायचं," म्हटलं मी. खरं तर आमच्या लॅबचं घोडं तिथंच अडलंय. ग्राफीनचा स्विच पुरता बंदच होत नाही. शून्य-एकचा सगळा खेळ चालू-बंदवरच; मग कॉम्प्युटर चालणार कसा?

ग्राफीन त्यांच्या पेन्सिलीच्या शिशातच असतं, हे सांगायचंही राहिलं. उद्या सांगितलं, की ती कानावरून काढून, उलटसुलट करून, आधी बटण शोधतील.